मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढतं? घरच्या घरी तर्क पडताळून पाहण्याची रीत

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्तानं, भाच्याच्या शाळेत प्रदर्शन होतं. एका टेबलावर पसरट ताटात रंगीत पाणी, मधोमध जळती मेणबत्ती आणि मागे चार्टपेपरवर ठळक अक्षरांत निष्कर्ष: 'मेणबत्ती ऑक्सिजन वापरते. मोकळी झालेली जागा पाणी भरून काढतं. पाणी एक पंचमांश चढतं, म्हणजे हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो.' एका मुलीनं मेणबत्तीवर ग्लास पालथा घातला. ज्योत बारीक झाली, विझली, आणि पाणी सरसर वर चढलं. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाचा मात्र तिथून हलेना.

"मामा, मेणबत्ती जळत होती तेव्हा पाणी कुठे चढलं? ते तर विझल्यावर चढलं."

मला उत्तर देता आलं नाही. हाच प्रयोग मी लहानपणी केला होता, मोठेपणी चार मुलांना दाखवला होता, चार्टवरचंच वाक्य तोंडपाठ सांगितलं होतं. डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट त्या वाक्याशी जुळत नाही, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. त्यानंतरचे कितीतरी रविवार आम्ही दोघांनी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी काढले, आणि त्यातून जी रीत हाताला लागली ती इथे सविस्तर देतोय.

कोड्यात टाकणाऱ्या गोष्टींबद्दल तर्क लढवायला पदवी लागत नाही. तर्क सगळेच लढवतात आणि लढवावेतच. पण एकच तर्क धरून बसलं की प्रत्येक प्रयोग त्याच्याच बाजूनं बोलतोय असं वाटायला लागतं. म्हणून किमान दोन तर्क समोर ठेवायचे आणि त्यांची फारकत कुठे होते ते शोधायचं. म्हणजे अशी परिस्थिती, की पहिला तर्क खरा असेल तर एक दिसेल आणि दुसरा खरा असेल तर वेगळंच दिसेल. ती जागा सापडली की निम्मं काम झालं. बाकीचं काम ग्लास, ताट आणि वही करतात.

आधी नुसतं बघा

सामान साधं आहे. काठ असलेलं स्टीलचं ताट, साधारण ३०० मिलीचा सरळ उभ्या कडांचा काचेचा ग्लास, बुटक्या मेणबत्त्या, एक रुपयाची तीन नाणी, काचेवर उमटणारा मार्कर, औषधाच्या दुकानात मिळणारी १० मिलीची बिनसुईची सिरिंज, फोन आणि वही. पाण्याला रंग म्हणून निळ्या शाईचे दोन-तीन थेंब घाला. हळद घालू नका, ती नीट विरघळत नाही, तळाशी बसते आणि पातळी दिसेनाशी होते.

मेणबत्तीची उंची ग्लासच्या निम्म्यापेक्षा कमी हवी, नाहीतर ज्योत ग्लासच्या तळाला चाटते, काच काळी पडते आणि तडकूही शकते. ताटाच्या मधोमध मेणाचे चार थेंब पाडून त्यावर ती घट्ट बसवा. तिच्याभोवती तीन नाणी अशी ठेवा की पालथ्या ग्लासची कड त्यांच्यावर टेकेल. ही नाणी विसरू नका. कड थेट ताटाला चिकटली तर पाण्याला आत जायला वाटच राहत नाही. मग ताटात बोटभर पाणी ओता, मेणबत्ती पेटवा आणि ग्लास सरळ, न थांबता खाली टेकवा.

पहिल्या तीन वेळा काहीही सिद्ध करायला जाऊ नका. फोन ओट्याच्या उंचीवर टेकवून स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि नुसतं बघा. ग्लास टेकवताना कडेखालून बुडबुडे बाहेर येतात का? ज्योत जळत असताना आतलं पाणी हलतं का, हललं तर कुठल्या दिशेनं? ज्योत विझल्यापासून पाणी थांबेपर्यंत किती सेकंद जातात? ग्लासच्या आतल्या बाजूला धुकं धरतं का?

आम्ही पहिल्या दिवशी चित्रण केलंच नाही. दोघांनी एकच प्रयोग पाहिला, तरी 'बुडबुडे आले' आणि 'आले नाहीत' असे दोन पक्ष पडले. दुसऱ्या रविवारी फोन लावला आणि वाद मिटला. बुडबुडे आले होते, अगदी सुरुवातीला, ग्लास पाण्याला टेकत असतानाच.

लहान मुलं असतील तर मोठ्या माणसानं शेजारी उभं राहायचं, केस बांधायचे, सॅनिटायझरची बाटली ओट्यावरून उचलायची आणि शेगडीची बटणं बंद आहेत ना ते बघायचं. एवढं झालं की पुढे.

तर्क लिहा, आकड्यांसकट

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे 'ऑक्सिजन', उजवीकडे 'उष्णता'.

डावीकडचा तर्क आपल्याला माहीत आहे. उजवीकडचा असा: ज्योतीनं ग्लासमधली हवा तापते, फुगते, काही हवा बाहेर निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होते, आक्रसते, आतला दाब कमी पडतो आणि बाहेरच्या हवेचा दाब ताटातलं पाणी आत ढकलतो.

आता दोन्हींचा हिशेब करून बघू. ग्लास ३०० मिलीचा धरला तर हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणजे ६३ मिली. चार्टचं म्हणणं, हा सगळा संपतो आणि त्याची जागा पाणी घेतं. पण ऑक्सिजन जळून नाहीसा होत नाही. मेणात कार्बन आणि हायड्रोजन असतात. जळताना त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. पॅराफिन मेणाचं रासायनिक समीकरण मांडलं तर ढोबळमानानं ऑक्सिजनच्या तीन भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे दोन भाग तयार होतात. वाफेचं पाणी होतं असं धरलं, तरी सगळाच्या सगळा ऑक्सिजन जळाला तर ६३ मिली जाऊन ४२ मिली परत येतो. तूट २१ मिलीची, म्हणजे सातच टक्के.

शिवाय सगळा ऑक्सिजन जळतही नाही. बंद जागेत मेणबत्ती ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की विझते. म्हणजे ३०० मिलीपैकी १५ मिली ऑक्सिजन खर्च, १० मिली कार्बन डायऑक्साइड जमा, निव्वळ तूट पाच मिली. एक चमचा! कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हे खरं, पण सावकाश. पाणी काही सेकंदांत धावत वर येतं, तेवढ्या वेळात तो विरघळून ही तूट फारशी वाढत नाही.

उजवीकडे या. समजा ग्लास टेकवला तेव्हा आतल्या हवेचं सरासरी तापमान १०० अंश सेल्सिअस होतं आणि खोलीचं ३०. केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून, ३७३ आणि ३०३. दाब तोच राहिला तर घनफळ त्याच प्रमाणात घटतं. ३०० मिली हवेची गार झाल्यावर सुमारे २४४ मिली होते. तूट ५६ मिलीची.

५६ आणि ६३. साध्या डोळ्यांना या दोन उंची सारख्याच वाटतील. चार्टवरचा 'एक पंचमांश' इतकी वर्षं का टिकला ते मला हा हिशेब मांडल्यावर कळलं. चुकीच्या कारणानं जवळपास बरोबर आकडा येतो, आणि आकडा जुळला की माणूस पुढे विचारत नाही.

पण १०० अंश हे मी मनानं धरलेलं तापमान आहे. ८० धरलं तर तूट ४३ मिली येईल. त्यामुळे हिशेबानं उष्णतेचा तर्क सिद्ध झाला असं म्हणता येत नाही, तो टिकण्याजोगा आहे एवढंच दिसतं. निकाल लावायचा तर फारकत शोधायला हवी.

फारकतीच्या जागा

पहिली जागा भाच्यानंच दाखवली होती: वेळ. ऑक्सिजनचा तर्क खरा असेल तर ज्योत जळत असताना पाणी हळूहळू चढत राहायला हवं आणि ज्योत विझली की थांबायला हवं. उष्णतेचा खरा असेल तर जळत असताना पाणी जेमतेम हलेल आणि ज्योत मंदावल्यावर, विझल्यावर झपाट्यानं चढेल. चित्रण पुन्हा लावून बघा, उत्तर लगेच दिसतं.

दुसरी जागा मेणबत्त्यांची संख्या. त्याच ग्लासखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या जवळजवळ लावा. ग्लासमध्ये ऑक्सिजन तेवढाच आहे, म्हणजे डावीकडच्या तर्कानुसार पाणी तेवढंच चढायला हवं. उजवीकडच्या तर्कानुसार हवा जास्त तापेल, पाणी जास्त चढेल. जास्तच चढतं. मेणबत्त्यांनी व्यापलेली जागा हिशेबातून वजा करायला विसरू नका.

तिसरी जागा मला सगळ्यांत आवडते. पालथा ग्लास ज्योतीच्या वर काही सेकंद धरून ठेवा, मगच खाली टेकवा. या वेळात ग्लासमध्ये जळून आलेली गरम हवा भरते. तिच्यात ऑक्सिजन आधीच कमी झालेला असतो, म्हणून डावीकडचा तर्क म्हणतो, पाणी कमी चढेल. उजवीकडचा म्हणतो, हवा आधीच तापलीय, पाणी जास्त चढेल. दोन्ही तर्क चक्क उलट्या दिशेला बोट दाखवतात. अशी जागा मिळाली की मोजमाप थोडं इकडेतिकडे झालं तरी निकाल बदलत नाही. ग्लास जाड, शक्यतो बोरोसिलिकेट काचेचा घ्या, कोरड्या फडक्यानं धरा आणि हाताला चटका जाणवायच्या आत खाली ठेवा.

चौथी, ज्योतीशिवाय उष्णता. केस वाळवायच्या ड्रायरनं ग्लास आतून मिनिटभर तापवा आणि लगेच नाण्यांवर पालथा ठेवा. इथे काहीच जळलेलं नाही, तरी पाणी चढतं. ज्योतीइतकं नाही, कारण हवा तेवढी तापत नाही, आणि सावकाश, कारण गरम काच आतल्या हवेला लवकर गार होऊ देत नाही. ग्लासमध्ये गरम पाणी खळबळवून ओतून देऊनही हे करता येतं, पण तिथे वाफेचं पाणी होऊन आणखी जागा मोकळी होते आणि दोन कारणं एकमेकांत मिसळतात. म्हणून ड्रायर बरा.

मोजायचं कसं, हे नीट सांगतो, कारण आम्ही सुरुवातीला पट्टी लावून उंची मोजत होतो आणि आमचा तेव्हाचा ग्लास खाली निमुळता असल्यानं प्रत्येक आकडा चुकत होता. पाणी थांबलं की आतल्या पातळीवर मार्करनं खूण करा, आणि बाहेर ताटातल्या पाण्याच्या पातळीवर दुसरी. ग्लास उचला, पुसा, सुलटा करा आणि तळापासून त्या खुणेपर्यंत सिरिंजनं पाणी भरा. किती सिरिंज गेल्या ते मोजा. ही उरलेली हवा. मग ताटातल्या पाण्याच्या दुसऱ्या खुणेपर्यंत भरा. दोन खुणांमधलं पाणी म्हणजे चढलेलं पाणी. ही मोजणी भाच्याकडे होती. तो मोठ्यानं आकडे म्हणायचा आणि शेवटची सिरिंज अर्धी गेली की 'साडे' म्हणायचा.

उष्णतेशिवाय ऑक्सिजन

इथवर चार्टचा तर्क हरला. पण हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो हे तर खरंच आहे. ते घरी दाखवता येईल का? त्यासाठी ऑक्सिजन शोषणारी, पण त्याच्या बदल्यात कुठलाही वायू न सोडणारी आणि ग्लास न तापवणारी गोष्ट हवी. लोखंडाचं गंजणं हे सगळं करतं.

हार्डवेअरच्या दुकानात फर्निचर घासायला बारीक लोखंडी तारांचं स्टील वूल मिळतं. त्याचा लिंबाएवढा गोळा व्हिनेगरमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवा, म्हणजे तारांवरचा तेलाचा थर निघतो. मग साध्या पाण्यानं धुवा. व्हिनेगर तसंच राहिलं तर लोखंडाशी त्याची क्रिया होऊन थोडा हायड्रोजन सुटू शकतो आणि आकडा बिघडतो. पिळून, सैल फुलवून गोळा ग्लासच्या तळाशी असा खोचा की पालथं केल्यावर पडणार नाही. मेणबत्ती सोडून बाकी मांडणी तीच. पातळीवर खूण करा आणि ताट जिथे कुणाचा धक्का लागणार नाही, ऊन येणार नाही अशा जागी ठेवा.

आमचा पहिला प्रयत्न पूर्ण फसला. मी भांडी घासायची तारेची घासणी वापरली होती. दोन दिवस ताट कपाटावर होतं, पाणी तसूभर चढलं नाही. भाच्यानं घासणीचं पाकीट कचऱ्यातून शोधून काढलं, त्यावर 'स्टेनलेस' लिहिलेलं होतं. गंजू नये म्हणूनच बनवलेली तार! खरं लोखंडी वूल आणलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लासमध्ये तांबूस गाळ आणि वर आलेली पातळी दोन्ही दिसली.

रोज एकाच वेळी खूण करा, सकाळी सातला तर सातलाच. दुपारची हवा गरम असते, फुगते आणि पातळी खाली ढकलते. तापमान तीन अंशांनी बदललं तर घनफळ एक टक्का बदलतं. ताटातलं पाणी आटलं तर पहिल्या पातळीपर्यंत पुन्हा भरा. पाणी चढायचं थांबलं की सिरिंजनं मोजा, वूलनं व्यापलेली जागा वजा करा. चढलेलं पाणी हवेच्या एक पंचमांशाच्या आसपास येतं आणि या वेळी ते योग्य कारणानं येतं. आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर आहे याची काळजी नको. पाण्याचा दहा सेंटिमीटरचा स्तंभ म्हणजे वातावरणाच्या दाबाचा फक्त एक टक्का.

मेणबत्तीचं कोडं फार जुनं आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास बायझँटियमच्या फिलोनं पाण्यातल्या मेणबत्तीवर भांडं पालथं घालण्याचा हाच प्रयोग वर्णन करून ठेवलाय. हवेचे भाग मोजताना फ्रान्सच्या लव्हाझिएनं मात्र मेणबत्ती नाही, पारा वापरला. बंद भांड्यात पारा बारा दिवस तापवत ठेवला. पाऱ्यावर लाल भुकटी धरली आणि भांडं गार झाल्यावर ५० घनइंच हवेची ४२-४३ घनइंच उरली. पाऱ्याची भुकटी घन असते, तिच्यातून बदली वायू येत नाही, आणि मोजणी गार झाल्यावर केली. आमच्या स्टील वूलच्या ग्लासमागची युक्ती नेमकी हीच आहे. मात्र पारा घरी आणू नका, त्याची वाफ विषारी असते.

चोथा मधेच का जमतो?

दुसरं कोडं रोजच्या चहातलं. गाळल्यावर उरलेला चहाचा चोथा दोन-तीनदा धुवा, त्यातला चमचाभर ग्लासभर पाण्यात टाका, तळाशी बसू द्या. मग चमच्यानं गरागरा ढवळा आणि चमचा काढून घ्या. फिरणाऱ्या वस्तू बाहेर फेकल्या जातात असं आपण शिकलोय, आणि चोथा तर पाण्यापेक्षा जड. तो कडेला जायला हवा. पण पाणी संथ व्हायला लागलं की सगळा चोथा तळाच्या मधोमध येऊन छोटा ढीग करतो.

घरात विचारलं तेव्हा बहुतेकांचा तर्क होता, 'मधे भोवरा असतो, तो आत खेचतो.' दुसरा तर्क घर्षणाचा. पाणी फिरतं तेव्हा कडेला पातळी उंच, मधे खोल, म्हणून कडेचा दाब जास्त. हा दाब पाण्याला आत ढकलत असतो आणि फिरण्याची गती त्याला बाहेर रेटत असते, दोन्ही तोलून असतात. पण तळाला लागून असलेलं पाणी काचेच्या घर्षणानं मंद होतं. तिथे बाहेरचा रेटा कमी पडतो, दाब मात्र तोच. तोल जातो, तळाचं पाणी मधे सरकतं आणि चोथ्याला सोबत नेतं. मधे आलेलं पाणी वर चढतं, वरून कडेला जातं आणि कडेनं पुन्हा खाली उतरतं.

फारकत कुठे? भोवऱ्याचा तर्क म्हणतो, पाणी फिरतंय ना, मग चोथा मधेच येणार. घर्षणाचा तर्क म्हणतो, तळ पाण्यापेक्षा मंद असेल तरच मधे येणार. तळ पाण्यापेक्षा वेगानं फिरला तर उलटं व्हायला हवं.

केकवर क्रीम लावायचं फिरतं स्टँड घ्या. चोथा घातलेला ग्लास त्याच्या अगदी मधोमध ठेवा, दोन ठिकाणी चिकटपट्टी लावा. पाणी पूर्ण शांत होऊ द्या. आता चमचा न लावता स्टँडच फिरवा, गती हळूहळू वाढवत. काच फिरते, तळ फिरतो, पाणी मागे रेंगाळतं. चोथा कडेकडे सरकतो! मिनिटभर फिरवत ठेवा, म्हणजे पाणीही काचेच्या वेगानं फिरायला लागेल, आणि मग स्टँड हातानं थांबवा. तळ स्थिर, पाणी अजून फिरतंय. चोथा झरझर मधे येतो. भोवऱ्याच्या तर्काकडे पहिल्या अर्ध्या प्रयोगाचं उत्तर नाही.

हा प्रयोग वरून बघा, ग्लासच्या बाजूनं बघितलं तर काच भिंगासारखी वागते आणि चोथा आहे त्यापेक्षा कडेला वाटतो. गती एकदम वाढवली तर चोथा उडतो आणि मग काहीच कळत नाही.

आइनस्टाइननं १९२६ साली या चहाच्या पेल्याचंच उदाहरण घेऊन नद्या वळणं का घेतात याचं स्पष्टीकरण लिहिलं. त्याच्या आधी १८७६ मध्ये जेम्स थॉमसननं नदीच्या वळणातल्या अशाच तळप्रवाहाबद्दल लिहिलं होतं. नदी वळते तिथे पाणी थोडक्यात फिरतंच असतं. तळाचा मंद प्रवाह आतल्या काठाकडे सरकतो आणि वाळू तिकडे नेऊन टाकतो, बाहेरचा काठ खचत जातो, वळण वाढत जातं. भीमेला पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात ते तिथल्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे. तुमच्या गावच्या नदीचं एखादं मोठं वळण असेल तर उन्हाळ्यात जाऊन बघा, वाळवंट कुठल्या काठाला आहे आणि दरड कुठल्या काठाला.

मोजण्याची जागा बदलली की उत्तर बदलतं

एक गोष्ट वाटेत सांगायलाच हवी. १९६३ मध्ये टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बा नावाच्या शाळकरी मुलाला आइस्क्रीम करताना दिसलं की गरम मिश्रण गार मिश्रणाच्या आधी गोठलं. त्याला हसण्यावारी नेलं गेलं, पण त्यानं प्रश्न सोडला नाही. पुढे डेनिस ऑसबोर्न या प्राध्यापकाबरोबर १९६९ मध्ये त्यानं यावर लेख प्रसिद्ध केला. त्यानंतर अनेकांनी प्रयोग केले, काहींना ते दिसलं, काहींना नाही. २०१६ मध्ये बरिज आणि लिंडेन यांनी काळजीपूर्वक मोजणी केली. शून्य अंशापर्यंत थंड होण्यात गरम पाण्यानं बाजी मारल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही, आणि तापमापक एखाद्या सेंटिमीटरनं वरखाली असला तरी तसा भास होऊ शकतो असं दिसलं.

मला म्पेम्बाबद्दल मनापासून आदर आहे. पण घरी हा प्रयोग करायचा तर भांडी सारखी, पाणी वजन करून सारखं, फ्रीजरमधली जागा आलटून पालटून, तापमापक एकाच खोलीवर, आणि 'गोठलं' कशाला म्हणायचं, पहिला बर्फाचा पापुद्रा की पूर्ण दगड, ते आधीच ठरलेलं हवं. एवढं जमणार नसेल तर हे कोडं पहिल्यांदा घेऊ नका. ज्यात दोन तर्क उलट्या दिशेला जातात अशीच कोडी सुरुवातीला बरी.

आता एक तुमच्यासाठी

जाड चिनी मातीचा उंच मग घ्या, त्यात गरम पाणी भरा, चमचाभर इन्स्टंट कॉफी घालून ढवळा आणि लगेच चमच्याच्या टोकानं मगच्या तळावर आतून टकटक करत राहा. आधी आवाज खालच्या पट्टीत येतो, मग टकटक करता करता पट्टी वर वर चढत जाते. पुन्हा ढवळलं की पुन्हा खाली येते, दरवेळी थोडी कमी. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक क्रॉफर्ड यांनी १९८२ मध्ये यावर लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, पावडरीसोबत आलेल्या आणि ढवळल्यानं सुटलेल्या बारीक बुडबुड्यांमुळे पाण्यातला आवाजाचा वेग खूप कमी होतो. नुसत्या पाण्यात तो सेकंदाला सुमारे १४८० मीटर असतो. बुडबुडे वर निघून गेले की वेग आणि पट्टी दोन्ही पूर्ववत होतात.

भाच्याचा तर्क वेगळा होता: ढवळल्यावर पाणी फिरतं, कडेला चढतं, म्हणून आवाज बदलतो. वाईट तर्क नाही. फारकत शोधा. पावडर न घालता नुसतं गरम पाणी तेवढंच ढवळून टकटक केली तर त्याच्या तर्कानुसार काय ऐकू यायला हवं आणि क्रॉफर्ड यांच्यानुसार काय? एकदा खळखळून उकळून, झाकून निवू दिलेलं पाणी, ज्यातली विरघळलेली हवा निघून गेलीय, त्यात मीठ टाकलं तर? फोनवर फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप घेतलंत तर त्यातल्या ध्वनीच्या आलेखावर पट्टी आकड्यांत दिसते. कॉफीचा मग एकच ठेवा, पाणी वजन करून घ्या, आणि दोन्ही तर्कांची भाकितं तारखेसकट वहीत लिहून झाल्याशिवाय चमचा हातात घेऊ नका.